चौदा कान

फोटोवाल्याचा चेहरा हा कामाचा चेहरा होता. दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत तो एकोणीस वर्षं एक्स-रे काढत आला होता, आणि लोक एक्स-रेला फोटोच म्हणतात, म्हणून त्याचं नाव फोटोवाला पडलं. दिवसातून साठ-सत्तर वेळा तो म्हणायचा, "श्वास घ्या. रोखून धरा. सोडा." पडद्यावर हाड उमटलं की टेबलावरच्या माणसाची मान वळलीच म्हणून समजा. प्रश्न ठरलेला, "काय दिसतंय हो?" उत्तरही ठरलेलं, "डॉक्टर सांगतील."

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने एका बाईंचा फोटो बघताना नुसत्या भुवया उंचावल्या होत्या. बाई टेबलावरच हंबरडा फोडून मोकळ्या. फोटोत निघालं काय, तर कपड्यातली विसरलेली टाचणी. मोठ्या डॉक्टरांनी त्याला बोलावून चांगलं झापलं, "तुझा चेहरा भिंतीसारखा पाहिजे. भिंतीला विचारून कुणी घाबरत नाही." तेव्हापासून त्याने चेहऱ्याला अशी शिस्त लावली, की बायको पाहुण्यांना सांगायची, "ह्यांना आमटी खारट लागली की गोड, ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

बायको आणखी एक गोष्ट सांगायची, ती म्हणजे तिच्या सवतीची. ही सवत झोपायच्या खोलीत, खिडकीशेजारी, भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर टांगलेली असायची. निळी, जाड टायरांची, डोंगर उतरायची सायकल. फोटोवाला रोज सकाळी दात घासत तिच्यासमोर उभा राहायचा. लग्नाच्या फोटोसमोर तो इतका वेळ कधी उभा राहिला नाही, हे बायकोचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

ही सायकल दुकानातून आणलेली नव्हती. तिची फ्रेम काकांनी, म्हणजे सगळे ज्यांना काका म्हणायचे त्या म्हाताऱ्या कारागिराने केली होती.

काकांची शेड लाकडाच्या वखारीमागे होती. पत्र्याचं छप्पर, एक लांब टेबल, टेबलावर नळी पकडायचा शिकंजा, भिंतीला लावलेल्या पोलादी नळ्या, आणि कोपऱ्यात चहाची शिट्टीवाली किटली. काका एकटेच. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. चाळीस वर्षांत त्यांनी तीनशेच्या वर फ्रेम केल्या आणि प्रत्येकीच्या पोटाखाली, पेडलाच्या दांड्याजवळ, हातानेच नंबर ठोकला. फोटोवाल्याची दोनशे एकोणनव्वद. कारखान्यातल्या सायकली ह्यापेक्षा हलक्या असतात, चकचकीत असतात, आणि आज मागितली तर उद्या मिळतात. काकांकडे दोन-दोन वर्षं थांबावं लागायचं. तरी माणसं थांबायची. ह्याला वेड म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा, पण ज्याला काकांनी एकदा मापाला उभं केलं तो दुसरीकडे गेला नाही.

माप घ्यायची त्यांची तऱ्हाच वेगळी होती. पाय, हात, पाठ सगळे मोजतात. काका माणसाला शेडसमोरच्या पायऱ्या चढायला लावायचे, उतरायला लावायचे, पोतं उचलायला लावायचे, आणि मग स्टुलावर बसवून विचारायचे, "पडतोस तेव्हा कुठल्या बाजूला पडतोस?" फोटोवाल्याला चाळिशीपर्यंत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आईनेसुद्धा नाही. "डावीकडे," तो म्हणाला, आणि त्याला एकदम भरून आलं. चेहऱ्यावर अर्थात काही दिसलं नाही.

काकांची फ्रेम म्हणजे चष्म्यासारखी. ज्याची त्याला.

अशा फ्रेमवाल्यांपैकी सात जण दर रविवारी एकत्र डोंगरावर जायचे. त्यात शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर होता, एक वकील होता, शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणी होत्या, आणि आणखी दोघे होते, ज्यांना बोलण्यापेक्षा पेडल मारणं बरं वाटायचं. मास्तर फोटोवाल्याचा सगळ्यात जुना मित्र. सहा फूट तीन इंच उंच, आवाज त्याहून उंच. उतारावर सुटला की तो मागच्यांना डोंगराचा भूगोल सांगत सुटायचा, आणि ऐकायला मागे कुणीच नसायचं.

वर्षातून एकदा, थंडी पडायच्या आधीच्या रविवारी, वाजवणी असायची. सातही जण सायकली घेऊन शेडमध्ये जमायचे. काका एकेक सायकल स्टँडवर चढवायचे आणि वीतभर लांबीच्या पितळी कांडीने नळ्या वाजवायचे. वरची, खालची, मागच्या दोन, आणि प्रत्येक सांधा. मडकं घेताना आपण वाजवून घेतो, तसंच. धड नळी खणखणीत वाजते. सांध्याला केसाएवढी जरी चीर गेली तरी ती बद्द वाजते. पोलाद एकदम मोडत नाही, आधी सांगतं, असं काका म्हणायचे, फक्त ऐकणारा हवा. मागे दोनदा त्यांना बद्द आवाज सापडला होता. दोन्ही वेळा त्यांनी सायकल ठेवून घेतली, सांधा कापला, नवीन नळी बसवली. वाजवून झालं की ते मान वर करून म्हणायचे, "ठणठणीत." मग चहा, मग सगळे डोंगरावर. वर्षभराची चिंता मिटली.

आता खरी गोष्ट. काकांना ऐकू येईनासं झालं होतं.

चाळीस वर्षं ग्राइंडर कानाशी किंचाळत राहिला, तर दुसरं काय होणार? दोन वर्षांपूर्वी सगळ्यांच्या हे एकदमच ध्यानात आलं. किटली शिट्टी मारमारून कोरडी पडली आणि काका तिच्याकडे पाठ करून शांतपणे नळी घासत होते. फोटोवाल्याने उठून गॅस बंद केला. त्या दिवशी परतताना सातही जण वखारीच्या फाटकाशी थांबले.

"त्यांना सांगायला हवं," वकील म्हणाला.

"काय सांगणार?" शिवणवाली थोरली म्हणाली. "काका, तुमचे कान गेले, ती कांडी ठेवून द्या? म्हातारा त्या कांडीवर जगतोय. ती काढून घेतली तर उरलं काय त्याच्याजवळ?"

"आणि आपल्या फ्रेमना होतंय काय?" मास्तर म्हणाला. "काकांचा जोड आहे तो. आपण मोडू, फ्रेम नाही मोडायची."

सगळे हसले. ठरलं. कुणी काही बोलायचं नाही. वाजवणी चालू ठेवायची. प्रेमाने माणूस किती मूर्खपणा करू शकतो, ह्याला काही सीमा नाही. आणि हे सात जण म्हणजे शिकलेसवरलेले, कामात चोख.

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी काकांनी मास्तरची सायकल स्टँडवर चढवली. वरची नळी वाजली, खणखणीत. मागच्या दोन्ही वाजल्या. मग कांडी खालच्या नळीवर पडली, हँडलखालच्या सांध्याजवळ.

बद्द.

ह्यात शंकेला जागाच नव्हती. फुटक्या मडक्याचा आवाज लहान पोरालाही कळतो. शिवणवाल्या दोघींनी खाली पाहिलं. वकिलाला बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. मास्तर छपराकडे बघत उभा राहिला. आणि काकांनी कांडी तशीच नळीवर टेकवून मान वर केली आणि फोटोवाल्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखा त्यांच्या समोरच, स्टँडच्या पलीकडे उभा होता. काका नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिले.

आवाज फोटोवाल्यानेही ऐकला होता. पण एकोणीस वर्षांची शिस्त ही. त्याने काकांच्या नजरेला नजर दिली आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

"ठणठणीत," काका म्हणाले.

चहा कसाबसा प्यायला गेला. बाहेर आल्यावर फोटोवाल्याने मास्तरला वखारीच्या ओंडक्यांआड गाठलं.

"मास्तर, आज तू येऊ नकोस. ऐकलंस ना तू?"

"ऐकलं रे. सीटखालची पिशवी लटकत होती, तिने आवाज बदलतो."

"पिशवीने नळी बद्द वाजत नाही. उद्या सायकल दवाखान्यात आण. जेवणाच्या सुट्टीत फोटो काढून बघतो."

"तू काकांच्या फ्रेमचा फोटो काढणार? त्यांना कळलं तर?" मास्तर खरोखरच दुखावला. "आपल्या माणसाची अशी झडती घेतात होय?"

"बरं, मग आज माझी घे. मी तुझी घेतो."

मास्तरने त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. फोटोवाला त्याच्या खांद्यालाही लागत नव्हता. "तुझ्या सायकलवर माझे गुडघे कानाला लागतील, आणि माझ्या सायकलवर तुझे पाय हवेत राहतील. वर कशाला, इथेच पडू दोघं."

तेवढ्यात काका बाहेर आले. हात पुसत पुसत ते जवळ आले आणि ह्या दोघांना डोक्याला डोकं लावून बोलताना पाहून थांबले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. विचारलं ते फोटोवाल्याला.

सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. काका, खालची नळी बद्द वाजली. पाचच शब्द. पण काकांच्या हातात अजून ती कांडी होती, फडक्यात अर्धी गुंडाळलेली, आणि मागे पाच जण सायकली धरून उभे होते.

"काही नाही, काका," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, ऐकू जावं म्हणून.

काकांनी त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवली आणि ते आत गेले.

उतारावर तिसऱ्या वळणानंतर खडकाची कमरेएवढी पायरी आहे. त्या पायरीवरून सातही जणांनी शेकडो वेळा उड्या टाकल्या होत्या. फोटोवाला मास्तरच्या मागेच होता, मुद्दाम. "इथून पुढे खडक बदलतो बघ," असं मास्तर ओरडला आणि त्याने उडी टाकली. सायकल टेकली तेव्हा फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. हँडल आणि पुढचं चाक एकीकडे गेलं, बाकीची सायकल दुसरीकडे, आणि मास्तर त्यांच्या मधून पुढे, डोक्यावर.

रविवारी दवाखान्यात फोटो काढणारं दुसरं कुणी नसतं. फोटोवाल्याने चिखलाच्या कपड्यांवरच शिशाचा एप्रन चढवला. मास्तर फळीवर बांधलेला होता. डोळे उघडे, शुद्ध पक्की.

"श्वास घे," फोटोवाला म्हणाला. "रोखून धर. सोड."

पडद्यावर पाठीचा कणा उमटला. एकोणीस वर्षांत त्याने असे फोटो चार पाहिले होते. त्या चौघांतलं पुन्हा कुणी चाललं नव्हतं.

"काय दिसतंय रे?" मास्तरने विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

त्यानंतरचे महिने सगळ्यांनी खोटं बोलण्यात घालवले, आणि तेही किती नेटाने! काकांना सांगितलं, दगड निसटला. मास्तरच्या बायकोला सांगितलं, वळणावर वाळू होती. मोडलेली फ्रेम वकिलाने आपल्या गाडीखान्यात, जुन्या गादीमागे दडवली. काका रोज कुणाला तरी विचारायचे, "सायकल कुठे आहे? बघू द्या मला." त्यांना कुणी सांगितलं भंगारात गेली, कुणी सांगितलं पोलिसांकडे आहे. दोन वेगवेगळ्या थापा ऐकल्यावर म्हाताऱ्याला काय समजायचं ते समजलं. सातांत गाडीखाना फक्त वकिलाकडे होता, म्हणून एका दुपारी तो कचेरीत असताना ते त्याच्या घरी गेले. वकिलाच्या आईला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने गाडीखाना उघडून दिला, वर पाणीही दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दवाखान्यात आले. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर वीसेक माणसं बसली होती. काका रांगेतच बसले, मांडीवर गोणपाटाचं गाठोडं घेऊन. त्यांचा नंबर आला तेव्हा फोटोवाला दारात आला आणि जागीच थिजला.

काकांनी बाकावरच गोणपाट सोडलं. आत खालच्या नळीचे दोन तुकडे होते, आणि ती पितळी कांडी. त्यांनी मोडलेली कड उजेडात धरली.

"हे बघ," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात. "ही अर्धी कड चकचकीत आहे. ती त्या दिवशी मोडली. ही अर्धी काळपट, गंजलेली. ही आधीची. कित्येक महिन्यांची. म्हणजे मी वाजवली तेव्हा चीर होती. हो ना?"

फोटोवाल्याने मान हलवली.

"मग ती बद्द वाजली असणार. तुला ऐकू आलं होतं?"

"हो," फोटोवाला म्हणाला.

काकांनी कानामागे हात धरला. "काय?"

"हो."

"मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

"हो!" फोटोवाला ओरडला. "ऐकू आलं होतं! सगळ्यांना आलं होतं!" बाकावरची माणसं बघायला लागली. प्लास्टर घातलेली एक मुलगी आईला बिलगली.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, काका!" हेही त्याला ओरडूनच सांगावं लागलं, आणि ओरडून सांगताना ते किती फुसकं आहे हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

काकांनी नळीच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मला ऐकू येत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? तीन वर्षं झाली. कान माझे आहेत. मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक आहे, आणि म्हणून तुम्ही येता. मी वाजवायचो आणि तुमच्या तोंडाकडे बघायचो. तुम्ही सात जण. चौदा कान. म्हटलं, आपले दोन गेले तर गेले, हे चौदा आहेत. त्यातला एकतरी सांगेल."

फोटोवाल्याने मागे हात नेऊन खोलीचं दार ओढून घेतलं.

"त्या दिवशी बाकीचे खाली बघायला लागले. मला शंका आली, म्हणून तुझ्याकडे बघितलं. तू दिवसभर मोडलेलंच बघतोस. म्हटलं, ह्याला कळेल. तुझ्या तोंडावर काही नव्हतं. बाहेर येऊन विचारलंही. तू म्हणालास, काही नाही." त्यांनी गोणपाट पुन्हा बांधायला घेतलं. गाठ सुटत होती, पण फोटोवाला मदतीला हात पुढे करू लागला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला. "म्हणून मी म्हटलं, ठणठणीत."

ते गेले. पितळी कांडी बाकावरच राहिली होती. विसरली असं म्हणायला काका काही विसरणारे नव्हते. पुढच्या रविवारी फोटोवाला शेडवर गेला तर दाराला कुलूप होतं आणि नळ्या भंगारवाला घेऊन गेल्याचं वखारीतल्या माणसाने सांगितलं. काका भाच्याकडे राहायला गेले, कुठल्या गावी ते कुणालाच माहीत नव्हतं. सात जणांचं रविवारी भेटणं हळूहळू थांबलं. रस्त्यात भेटलेच, तर एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करायचे आणि घाईत असल्यासारखे निघून जायचे.

फोटोवाल्याने ठरवलं, निदान मास्तरला तरी सगळं सांगायचं. काका काय म्हणाले तेही, आणि फोटोत काय दिसलं होतं तेही, कारण ते अजून कुणी धडपणे सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, बघू. मास्तरची बायको म्हणत होती, व्यायाम चालू आहे. एका संध्याकाळी तो गेला.

मास्तरची खाट आता पुढच्या खोलीत होती. पाय चादरीखाली सरळ, कुणीतरी उचलून ठेवल्यासारखे. उशाशी नकाशाची जुनी पुस्तकं. वहिनींनी चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या.

"बरं झालं आलास," मास्तर म्हणाला. आवाज अजून तेवढाच मोठा होता. "काकांना माझा निरोप दे. म्हणावं, नवीन फ्रेम करायला घ्या. माप त्यांच्याकडे आहेच. दोन वर्षं लागतात त्यांना. तोवर मी उभा राहीन की."

फोटोवाल्याने कप खाली ठेवला.

"राहीन ना रे?" मास्तर म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "हे सगळे मला फसवतात. तू फोटो बघितलायस. तू सांग."

हाच तो क्षण होता, ज्यासाठी तो आला होता. वाक्य तयार होतं. रस्ताभर त्याने ते घोकलं होतं. मास्तर उशीवरून मान उचलून त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. कपाळ, डोळे, ओठ, सगळं तपासत होता. आणि फोटोवाल्याला आतून कळत होतं की आपला चेहरा आपलं ऐकत नाहीये. तो आपोआप भिंतीसारखा होत चालला होता, आणि वाक्य त्या भिंतीमागेच अडकलं होतं.

मास्तरने हळूच श्वास सोडला आणि डोकं पुन्हा उशीवर टेकलं.

"काही नाही ना?" तो समाधानाने म्हणाला. "मला वाटलंच. काही असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं."